मालसुनबाईंचं लांबलचक वाक्य

बोलणाऱ्याच्या तीन शब्द मागे राहायचं, असं कुंभोजकर सरांनी लघुलेखनाच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कराडला, जिन्यावरची एक अरुंद खोली, चौदा मुली आणि प्रत्येकीच्या हातात टोक काढलेल्या दोन पेन्सिली. सर म्हणायचे, "पेन्सिल पुढे पळाली की फसलात. मराठी माणूस शेवटच्या शब्दाला कुठे वळेल, त्याचं त्यालाही ठाऊक नसतं."

पुढे एकतीस वर्षं मी कोर्टात स्टेनो म्हणून काढली, तेव्हा त्याचा अर्थ कळला. न्यायाधीश सांगत, "सदर आरोपीने, घटनेच्या दिवशी, फिर्यादीच्या परसातून, सदर विळा..." आणि थांबून पाणी पीत. आरोपीने विळा उचलला, फेकला, की पाहिलासुद्धा नाही, हे त्या पाण्याच्या घोटापलीकडे असायचं. तोवर अख्खं वाक्य डोक्यात धरून बसायचं आणि तोंडातून आवाज काढायचा नाही. कोर्टात स्टेनोने 'हं' म्हणायचं नसतं.

ही सवय चौऱ्याहत्तराव्या वर्षी एका कोरियन बाईसाठी मोडावी लागेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

तेव्हा कर्णफुलं नवीन होती. आज ती सगळ्यांच्या कानात असतात, म्हणून त्या पहिल्या वर्षांचं अप्रूप आता सांगून कळणार नाही. शेंगदाण्याएवढी वस्तू कानात घालायची आणि समोरचा चाळीसपैकी कुठल्याही भाषेत बोलला तरी आपल्याला मराठी ऐकू यायचं, तेही त्याच्याच आवाजात. तळेगावच्या कोरियन कारखान्यात माझा मुलगा मयूरेश आणि सून युनजू दोघंही इंजिनियर. त्यांच्याकडे ती फुलं सर्वांत आधी आली. मी पहिल्यांदा फूल घातलं तेव्हा युनजू कोरियनमध्ये म्हणाली, "आई, आमटीत मीठ जास्त झालंय." सात वर्षं ती मोडक्यातोडक्या मराठीत "छान, छान" म्हणत आमटी गिळत होती. मी त्या यंत्राला मनातल्या मनात नमस्कार केला.

युनजू एकुलती एक. तिचे वडील गेले आणि सनचॉन गावात आई एकटी राहिली, म्हणून तिने आईला इकडे आणलं. पार्क मालसुन, वय अठ्ठ्याहत्तर. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, कुरळे केस कापलेल्या. दारात पाऊल टाकताच त्यांचा पहिला प्रश्न, "साबुइन, तुमचं वय काय?" साबुइन म्हणजे विहीणबाई. मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान, हे कळल्यावर त्यांनी समाधानाने मान हलवली आणि खिडकीजवळची खुर्ची घेतली. ती माझी खुर्ची होती.

"आमच्याकडे म्हण आहे," त्या म्हणाल्या, "व्याह्यांचं घर आणि संडास, दोन्ही लांब असलेले बरे."

"आमच्याकडे तशी म्हण नाही," मी म्हटलं, "पण असायला हवी होती."

अडीच सेकंदांनी फुलाने माझं वाक्य त्यांच्या कानात घातलं, आणि मग त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मैत्री तिथेच झाली.

पहिले दोन महिने त्या भरभरून बोलल्या. तरुणपणी त्या बसच्या कंडक्टर होत्या. त्या काळी तिकडे हे काम मुली करत. गर्दी आत कोंबायची, दार पाठीने लावायचं, बसच्या पत्र्यावर हाताने दोनदा थाप मारायची आणि ओरडायचं, "ओराइ!" म्हणजे आपल्याकडचं ऑल राइट, चलू द्या. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्या अशी थाप मारायच्या की वाट्या उडायच्या. सनचॉनच्या घराच्या अंगणात त्यांचे सोयाबीनच्या मसाल्याचे सात रांजण होते, एक तर सासूच्या हातचा. त्यांची आठवण त्या माणसांसारखी काढायच्या.

मग हळूहळू बोलणं आटलं. आधी गोष्टी लहान झाल्या. नंतर वाक्यं अर्धवट राहू लागली. "काल मी बाजारात जाऊन..." म्हणायच्या आणि खिडकीबाहेर पाहत बसायच्या. माझ्या कानातलं फूल बिचारं वाट पाहून शेवटी म्हणायचं, "वाक्य अपूर्ण." युनजूशीही तसंच. आपल्या भाषेत, पोटच्या मुलीशी बोलतानाही त्या मध्येच थांबायच्या. युनजू दिवसभर कारखान्यात, रविवारी आईसमोर बसायची, तिच्याकडे टक लावून, गप्प, पुढचा शब्द येईल म्हणून.

पुण्याच्या स्मृती-तपासणी केंद्रात त्यांना नेलं. डॉक्टर अन्विता सोनटक्के, चाळिशीची, शांत, हुशार बाई. त्यांनी मालसुनबाईंच्या कपाळाला एक मऊ पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "आयुष्यातला कुठलाही एक दिवस सांगा." चाचणीच्या नियमाप्रमाणे सगळे निश्चल बसलो. मालसुनबाईंनी वीस वाक्यं सुरू केली. तेरा अर्धीच राहिली.

"स्मृतीपेक्षा भाषेचा प्रश्न दिसतो," डॉक्टर बाहेर येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या. "वाक्य शेवटपर्यंत धरून ठेवण्याची ताकद जाते आहे, असं वाटतं. खात्रीसाठी सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊ. तेव्हाही हेच दिसलं, तर त्यांच्या भाषेच्या माणसांत, त्यांच्या देशातल्या एखाद्या शुश्रूषागृहात ठेवणं हिताचं. इथे त्या अजून मिटत जातील."

युनजूने सनचॉनजवळच्या एका शुश्रूषागृहात जागा पाहून ठेवली. एका खोलीत चौघी. तिने मला फोटो दाखवले आणि बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ चालू ठेवला.

त्यानंतरच्या आठवड्यातली एक दुपार. दोघींची फुलं चार्जिंगला लावली होती. मालसुनबाई लसूण सोलत होत्या आणि स्वतःशीच काही बोलत होत्या. मला एक अक्षर कळत नव्हतं. मी मेथी निवडत होते, आणि कशी कोण जाणे, माझ्या तोंडून निघालं, "हं."

त्यांनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं आणि पुढे बोलू लागल्या. मोठ्याने. मी पुन्हा "हं" म्हटलं, त्या अजून रंगात आल्या. मला एकदम माझे वडील दिसले. ते शिंपी होते. मशीन चालवता चालवता मला गोष्ट सांगायचे, आणि मी हुंकार द्यायचे. माझा हुंकार थांबला की गोष्ट थांबायची आणि मशीनही. "झोपलीस का गं शैले?" विचारायचे. हुंकाराशिवाय गोष्ट सांगायची म्हणजे अंधारात जिना उतरायचा, असं त्यांचं मत होतं.

तिसऱ्या वेळी मी "हं" भलत्याच जागी म्हटलं. मालसुनबाई पायरी चुकल्यासारख्या अडखळल्या आणि गप्प झाल्या.

मी उठून कर्णफुलाच्या डबीतलं माहितीपत्रक काढलं. पहिलीच सूचना होती: समोरची व्यक्ती बोलत असताना कोणताही आवाज करू नये. त्याचं कारण साधं होतं. फुलाला 'हं' म्हणजे नवीन वाक्य वाटायचं. ते जुनं अर्धं टाकून नवीन पकडायला धावायचं. म्हणून दोन वर्षांत फूल वापरणारे सगळे मूकपणे ऐकायला शिकले होते. युनजू तर रोज दहा तास तसंच ऐकायची, आणि घरी येऊन आईचं बोलणंही तसंच ऐकायची. मालसुनबाई आठ महिने भिंतींशी बोलत होत्या.

"मयूरेश," मी रात्रीच्या जेवणाला जाहीर केलं, "मी कोरियन शिकणार."

"आई, आता? फूल आहे की!"

"फुलाला हं म्हणता येत नाही."

"पण ती भाषा फार अवघड आहे गं. उलटी असते सगळी. मी सात वर्षं झगडतोय."

खरोखरच बाजारात जेवढे धडे मिळत होते ते सगळे इंग्रजीवरून बेतलेले. प्रत्येक धड्यात आधी धीर द्यायचे: घाबरू नका, कोरियनमध्ये क्रियापद शेवटी येतं, वाक्य मागून पुढे वाचा. मयूरेश इंग्रजी शाळेतला, तो तसंच शिकला होता. मी वहीत पहिलं वाक्य लिहिलं: नानुन ऑजे शिजांगएसॉ सेंगसॉनुल सासॉयो. खाली एकेका शब्दाचा अर्थ लिहीत गेले. मी, काल, बाजारात, मासे, घेतले.

उलटं काय होतं यात? आपला 'बाजारात'मधला 'त' शब्दाच्या मागे चिकटतो, तसा त्यांचा 'एसॉ'. आपला 'ला' जिथे लागतो, तिथे त्यांचा 'उल'. हा तर आमच्याच आळीतला रस्ता होता, फक्त दुकानांच्या पाट्या वेगळ्या.

मग मला 'सॉ' सापडला. आपण म्हणतो, बाजारात जाऊन, मासे घेऊन, घरी येऊन. त्या म्हणतात, गासॉ, सासॉ, वासॉ. जाऊन, घेऊन, येऊन. 'सॉ' आला की बाईंना अजून पुढे जायचं आहे, तिथे हलकं 'ने' म्हणायचं. ने म्हणजे त्यांचं हो, त्यांचं हं. आणि शेवटी 'यो' आला की वाक्य घरी पोचलं, तिथे जरा ठसक्यात. शब्द सगळे नाही कळले तरी चालतात. कोर्टात तरी वैद्यकीय साक्षीतले शब्द मला कुठे कळायचे?

चुकाही केल्या. पहिले आठ दिवस मी वही घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि त्यांचं बोलणं लघुलिपीत उतरवू लागले, मान खाली घालून, जन्माच्या सवयीने. आठव्या दिवशी, सहाव्या वाक्याला, त्या थांबल्या. हात पुढे करून त्यांनी माझी पेन्सिल काढून घेतली आणि स्वतःच्या केसांत खोचली.

"साबुइन," त्या म्हणाल्या, आणि दोन बोटांनी आधी माझे डोळे दाखवले, मग त्यांचे.

त्या दिवसापासून वही बंद. पाचव्या आठवड्यात आम्ही दोघी फुलांशिवाय दुपारभर गच्चीत बसत असू. त्या बोलायच्या, मी 'ने, ने' करायचे. अर्धं कळायचं, अर्धं नाही. मी मराठीत उत्तर द्यायचे, त्या 'हं, हं' करायच्या. शेजारच्या गोगटेबाईंनी मयूरेशला विचारलं म्हणे, "तुझ्या दोन्ही आयांना बरं आहे ना रे?"

दुसऱ्या चाचणीच्या दिवशी युनजूने शुश्रूषागृहाचा अर्ज भरून पर्समध्ये ठेवला होता. फक्त सही बाकी होती. मी डॉक्टरांना म्हटलं, "मला त्यांच्यासमोर बसू द्या. फूल न घालता. आणि मी मध्ये मध्ये आवाज करणार."

"काकू, चाचणीला नियम असतात. आवाज झाला तर निकाल धरता येत नाही."

"मग आधी तुमच्या नियमाने घ्या. नंतर माझ्या. दोन्ही कागद शेजारी ठेवा, पुरावा म्हणून. मी कोर्टातली बाई आहे."

त्या हसल्या आणि हो म्हणाल्या. या बाईंचं मला आजही कौतुक वाटतं. आपल्या यंत्राची परीक्षा दुसऱ्याला घेऊ देणारी माणसं थोडी असतात.

नियमाने घेतलेली चाचणी पहिल्यासारखीच झाली. वीसपैकी बारा वाक्यं अर्धी. युनजू खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग मी खुर्ची ओढून मालसुनबाईंच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसले. माझ्याही कपाळाला पट्टा बांधला.

"सांगा," मी माझ्या कच्च्या कोरियनमध्ये म्हटलं. "बसचा पहिला दिवस."

त्या सुरू झाल्या. एकोणीस वर्षांची मी, नवीन टोपी घालून, ने, गर्दीला आत ढकलून, ने, दार लावून, पत्र्यावर थाप मारून, ने, ओराइ म्हणून ओरडले, आणि बस निघून गेली. मी रस्त्यावरच राहिले.

मी "आँ!" म्हटलं. हे कोरियन नव्हतं, पण चाललं.

मग त्यांनी ते वाक्य उचललं. रस्ता डोंगराला वळसा घालून जातो, पुढचा थांबा शेताच्या पलीकडे, म्हणून टोपी हातात धरून, बांधावर चढून, भाताच्या चिखलात उतरून, एक बूट तिथेच रुतल्यावर तो तसाच टाकून, ओढा ओलांडून, एका म्हाताऱ्याच्या बैलाला बिचकवून, म्हाताऱ्याच्या शिव्या खाऊन, त्याला वाकून नमस्कारही करून... प्रत्येक 'सॉ'ला माझं 'ने'. मध्ये चार-पाच शब्द मला अजिबात कळले नाहीत. एकदा त्या थांबल्या. मी पुढे झुकून थांबले, घाई केली नाही. तीन शब्द मागे, सर सांगायचे. त्यांनी श्वास घेतला आणि पुढे गेल्या. धापा टाकत थांब्यावर पोचून, बसचं दार उघडून पाहिलं, तर आतले प्रवासी माझ्याऐवजी स्वतःच दार लावून, पत्र्यावर थापा मारून, ओराइ, ओराइ ओरडत होते.

'यो' आला. वाक्य संपलं. मी "ने!" म्हणून टाळी वाजवली. मागे डॉक्टर हसत होत्या, कारण त्यांच्या कानात फूल होतं आणि ते अडीच सेकंदांनी, माझ्या 'ने'मुळे तुटत तुटत, शेवटाला पोचलं होतं.

"एक मिनिट दहा सेकंद," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. "एवढं लांब वाक्य मलाही धरता येणार नाही."

नंतर त्यांनी समजावलं ते थोडक्यात असं. आपण बोलणं संपवलं की दुसरा साधारण पाव सेकंदात सुरू करतो. पण तोंडात शब्द तयार व्हायला त्याच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो. म्हणजे ऐकणारा वाक्य संपण्याआधीच त्याचा शेवट ताडतो, आणि बोलणारा त्या ताडण्यावर तोल सांभाळून चालतो. पट्ट्यावर मेंदूची ही अपेक्षा लाटेसारखी उमटते. पडद्यावर दोन लाटा होत्या, त्यांची आणि माझी, आणि त्या शाळेतल्या मुलींसारख्या हातात हात घालून चालल्या होत्या.

"विसरभोळेपणा आहे थोडा, वयाचा आहे. त्याला गोळ्या देते," डॉक्टर म्हणाल्या. "भाषेला काही झालेलं नाही. आधी दोन्ही वेळा मी दगडासारखी बसले होते, आणि त्याचे गुण त्यांच्या नावावर लिहिले." मग माझ्याकडे वळून, "पण काकू, शब्द माहीत नसताना तुम्ही जागा कशा ओळखल्या?"

मी वही दाखवली. वरच्या ओळीत कोरियन, खाली मराठी, शब्दाशब्दाला जोडणाऱ्या उभ्या रेघा. एकही रेघ दुसरीला छेदत नव्हती. शेजारच्या पानावर मयूरेशने मध्ये इंग्रजी ओळ घालून दिली होती, तिथे रेघांचा नुसता गुंता. डॉक्टरांनी वही हातात घेऊन एकेका रेघेवरून बोट फिरवलं. "फूल आतमध्ये इंग्रजीवरून जातं," त्या पुटपुटल्या. "कोरियन वाक्य संपेपर्यंत थांबतं, कारण इंग्रजीला क्रियापद आधी लागतं. मग मराठीसाठी ते पुन्हा शेवटी नेतं. शेजारच्या घरी जायला गावाला वळसा." त्यांनी पानाचा फोटो मागितला.

त्या फोटोपासून त्यांनी आणि त्यांच्या केंद्रातल्या मुलींनी तीन वर्षं काम केलं. आजचं कर्णफूल कोरियनमधून मराठीत थेट, शब्दामागे शब्द चालत येतं, अर्ध्या सेकंदात. आणि आपला 'हं' ते अडवत नाही, जसाच्या तसा पलीकडे पोचवतं. जपानी, तमिळ, तुर्की, सगळ्या शेवटी क्रियापद ठेवणाऱ्या भाषांना त्याने जवळ आणलं. मला ते यंत्र आवडतं. माझ्या कानात आत्ताही आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी आम्ही घरी आलो. मी चहा टाकला. युनजूने पर्समधला अर्ज काढून टेबलावर ठेवला, पण फाडला नाही. ती समंजस मुलगी आहे. तिने आईला विचारलं, "ऑम्मा, तुला काय हवंय? इथे राहायचंय, का घरी जायचंय? खरं सांग."

आजवर हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. मीसुद्धा नाही. मला वाटलं होतं मी ही लढाई त्यांना ठेवून घेण्यासाठी लढले, आणि त्यांना तर कदाचित जायचंच असेल.

मालसुनबाईंनी अर्जाकडे पाहिलं. "मी," त्या म्हणाल्या, "सनचॉनला जाऊन,"

मी ओठ घट्ट मिटले. इथला हुंकार माझा नव्हता. युनजू टक लावून, गप्प, आईकडे बघत होती. बाई थांबल्या. खिडकीकडे मान वळू लागली. मी टेबलाखालून सुनेच्या पायावर पाय दिला.

युनजूने माझ्याकडे पाहिलं. मग कानातलं फूल काढून बशीत ठेवलं, आणि लहान मुलीसारखं, लेकरं आईला 'ने'ऐवजी म्हणतात तसं म्हणाली, "उंग."

मान परत आली. "तुझ्या बापाच्या थडग्यावरचं गवत कापून,"

"उंग."

"घराच्या किल्ल्या शेजारणीकडे देऊन,"

"उंग."

"सासूबाईंचा रांजण, तेवढा एकच, फडक्यात गुंडाळून,"

"उंग, ऑम्मा."

आणि बाईंनी कप उचलून चहाचा एक सावकाश घोट घेतला. न्यायाधीशांची आठवण झाली मला. मयूरेश दारात उभा राहिला होता. त्याला तर काहीच ताडता येत नव्हतं, तो नुसता आमच्या तोंडांकडे बघत होता. त्यांनी कप खाली ठेवला. त्या हसत होत्या, लबाड बाई.

"ओल्केयो," त्या म्हणाल्या. परत येईन.

आणि टेबलावर हाताने दोनदा थाप मारली. वाट्या उडाल्या, बशीतलं कर्णफूल टुणकन जमिनीवर पडलं. एकतीस वर्षं कोर्टात गप्प बसलेली मी इतक्या मोठ्याने "ने!" म्हणाले, की गोगटेबाईंनी पलीकडून खिडकी उघडून विचारलं, "काय झालं हो?"